कायदा, धर्म आणि बहुमत

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



पारितोषिक-समारंभ आणि अल्पोपाहार यांच्या मध्ये व्याख्यानास जो अवधी मिळतो तो फार मोठा नसतो, ही श्रोत्यांच्या दृष्टीने सोयीचीच गोष्ट होय. परंतु चिटणीसांनी आम्हांस सोपविलेला विषय त्या अवधीच्या मानाने जड आहे. देशाचे कायदे धर्माने सांगितलेल्या नीतीप्रमाणे आणि बहुसंख्यांच्या मताप्रमाणे घडविले जावेत काय, असा तो प्रश्न आहे. हा प्रश्न विधिमंडळात किंवा विद्यापीठात शोभेल. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर त्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे, आणि ते अगदी घरातले आहे.

आपल्या संस्थेच्या नियमावलीतील अकरावे कलम आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. ज्ञातीबाहेर विवाह करणाऱ्या कन्येचे सभासदत्व त्या कलमान्वये विवाहाच्या दिवसापासून संपते, आणि तिच्या मुलाबाळांस आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीचा लाभ मिळत नाही. ज्ञातीबाहेर विवाह करणाऱ्या पुत्राविषयी ते कलम मौन धरते. हे कलम रद्द करावे अशी सूचना गेल्या सर्वसाधारण सभेपुढे आली, तेव्हा तिला दोन उत्तरे मिळाली. ज्ञातीत विवाह करणे हा आपला परंपरागत धर्म आहे, हे एक. बहुसंख्य सभासदांस कलम मान्य असता चार घरांच्या हट्टासाठी ते बदलावयाचे कां, हे दुसरे. निर्णय पुढील सभेवर ढकलण्यात आला. या दोन उत्तरांची आम्ही थट्टा करणार नाही. या देशात गेली पावणेदोनशे वर्षे प्रत्येक सामाजिक कायद्याच्या वेळी हीच दोन उत्तरे दिली गेली आहेत, आणि देणाऱ्यांत मोठमोठी माणसे होती. म्हणून ती नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

आरंभ विधवाविवाहाच्या कायद्यापासून करू. पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी कलकत्त्यास सरकारकडे अर्ज केला आणि १८५६ साली हिंदू विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर ठरला. या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध असे दोन्हीकडून अर्ज गेले होते. विरुद्ध बाजूच्या सह्या अनुकूल सह्यांच्या कित्येक पट होत्या. म्हणजे सह्या मोजून निर्णय करावयाचा असता, तर तो कायदा झालाच नसता. आता आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो कायदा कोणत्याही विधवेस विवाह करावयास लावीत नव्हता. जिला करावयाचा असेल तिच्या वाटेतील अडसर तेवढा काढीत होता. ज्या सहस्रावधी गृहस्थांनी विरुद्ध सह्या केल्या त्यांच्या घरात त्या कायद्यामुळे काडीचाही बदल होणार नव्हता. बदल व्हावयाचा तो ज्यांच्या आयुष्यात, त्या विधवा स्त्रियांस मात्र आपले म्हणणे कागदावर मांडण्याचे साधनही नव्हते.

आता ज्यास त्या वेळी हिंदू धर्म म्हटले गेले तो नेमका कोणाचा धर्म होता, हे आपल्याच प्रांतात पाहू. महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींत विधवेचा पाट लागत असे. कोठे त्यास मोहतूर म्हणत. विधवेने आजन्म तसेच राहावे हा काही थोड्या, पण लेखणी हाती असलेल्या जातींचा आचार होता. सरकारदरबारी मात्र तोच सर्व हिंदूंचा धर्म म्हणून मांडला गेला. या गैरसमजाचे फळ पुढे विचित्र मिळाले. १८५६ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात असे होते की, पुनर्विवाह करणारीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क जावा. ज्या जातींत पूर्वापार पाट चालत आला, ज्यांस या कायद्याची गरजच नव्हती, त्यांच्या स्त्रियांस हे कलम लागू आहे काय, असा वाद उत्पन्न झाला. १८९६ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने, लागू आहे, असा निर्णय दिला. अलाहाबादच्या न्यायालयाने त्याच कलमाचा उलट अर्थ लावला. थोड्यांच्या रूढीस सर्वांचा धर्म समजून केलेल्या कायद्याचा काच असा जिचा संबंध नाही तिच्यापर्यंत पोहोचतो. तेव्हा कोणी बहुजनांच्या धर्माची ग्वाही देऊ लागला, की हे बहुजन कोण, एवढे प्रथम विचारून घ्यावे.

याहून बोधप्रद कथा डॉक्टर रखमाबाईंची आहे. आपल्या भगिनींपैकी पुष्कळींनी त्यांचे नाव ऐकले असेल. त्यांच्या खटल्यातील खुबी मात्र फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी नावाच्या तरुणाशी झाला. त्या सासरी कधी नांदल्या नाहीत. त्यांचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या वाढल्या, शिकल्या, आणि वयात आल्यावर या पतीबरोबर संसार करण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात फिर्याद केली. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी फिर्याद काढून टाकली, तेव्हा सनातनी वृत्तपत्रांत मोठा कोलाहल झाला. हिंदू धर्मावर घाला आला, आता कोणाची बायको घरात राहणार नाही, असा सूर निघाला. पुढे अपिलात तो निर्णय फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत पतीकडे जावे, न गेल्यास सहा महिने तुरुंगात जावे. तुरुंग पत्करू, हे रखमाबाईंचे उत्तर प्रसिद्ध आहे. अखेर १८८८ साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे कित्येक वर्षे स्त्रियांची शुश्रूषा केली.

खुबी पिन्हेसाहेबांच्या निकालपत्रात आहे. त्यांनी असे दाखविले की, पत्नीस न्यायालयाकरवी नांदावयास लावण्याची ही फिर्याद मूळ हिंदू धर्मशास्त्रातली नव्हेच. ती इंग्लंडातून आली. इंग्लंडात विवाहाचे तंटे १८५७ पर्यंत ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या न्यायालयांत चालत, आणि ही फिर्याद त्या न्यायालयांची निर्मिती होय. म्हणजे पुण्यामुंबईकडील शास्त्रीमंडळी स्वधर्म म्हणून ज्याच्या रक्षणास धावली, तो परदेशातील पाद्र्यांच्या न्यायसभेचा आचार होता! त्यातही मौज अशी की, ज्या विलायतेतून ही फिर्याद आली तेथे तीत तुरुंगाची शिक्षा देणे १८८४ सालीच कायद्याने बंद झाले होते. रखमाबाईंस ती शिक्षा सुनावली गेली १८८७ मध्ये. उतार म्हणून सांगावयाचे तर, हिंदुस्थानात पत्नीस या कारणास्तव तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ मध्ये गेली. इंग्लंडने ही फिर्यादच १९७० साली मोडीत काढली. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात ती अजून नांदत आहे. आंध्रच्या उच्च न्यायालयाने १९८३ साली ते कलम घटनाबाह्य ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ते पुन्हा उचलून धरले. कायद्यात शिरलेली वस्तू किती लवकर परंपरा बनते आणि किती सावकाश बाहेर पडते, हे येथे दिसते.

आता प्रतिपक्षाची सर्वांत बळकट बाजू घेतली पाहिजे. ती १८९१ च्या संमतिवयाच्या वादात मांडली गेली, आणि मांडणारे लोकमान्य टिळक होते. १८९० मध्ये कलकत्त्यास फुलमणी दासी नावाची दहाअकरा वर्षांची बालिका पतिसंगामुळे मृत्यू पावली. मुलीचे वय दहाच्या वर असल्यामुळे, त्या वेळच्या दंडसंहितेप्रमाणे पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू झाला नाही. त्यास एका वर्षाची शिक्षा झाली. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून चालविलेल्या चळवळीस यामुळे जोर आला, आणि संमतीचे वय दहावरून बारा करण्याचा कायदा मार्च १८९१ मध्ये झाला. बारा वर्षे! याहून सौम्य कायदा कोणता असू शकेल? तथापि त्या बारा वर्षांसाठी पुण्यात सभा उधळल्या गेल्या. एका बाजूस भांडारकर आणि तेलंग, दुसऱ्या बाजूस टिळक, आणि आगरकरांचा 'सुधारक' तर या साऱ्यांच्या पुढे.

लोकमान्यांस बालविवाह प्रिय होते असे समजणे अन्यायाचे होईल. परकी सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्यांनी आपल्या बाजूने एक सूचनाही केली होती. मुलीचा विवाह सोळा वर्षांपूर्वी करू नये इत्यादी नियम ज्यांस पसंत असतील, त्यांनी स्वतः प्रतिज्ञा करावी आणि कायदा हवा तर तेवढ्यांपुरता असावा. ही सूचना ऐकताक्षणी मनास पटते. कोणावर जबरी नाही, ज्याने त्याने आपल्या विवेकाने वागावे, समाज हळूहळू सुधारेल. आमच्या परिचयाचे कित्येक सुज्ञ गृहस्थ आजही असेच बोलतात.

पण या सूचनेत सही कोणाची होती? बापाची. मुलीची नव्हे. जो बाप सही करील त्याची मुलगी वाचेल. जो करणार नाही त्याच्या मुलीने काय करावे? तिने कोणती प्रतिज्ञा मोडली होती? स्वेच्छेचे तत्त्व उत्तम खरे, परंतु ज्याच्या देहावर परिणाम होतो त्याची इच्छा विचारात घेतली तरच. आपण उपवास करावा की नाही, तीर्थास जावे की नाही, हे आपले आपण ठरवावे आणि सरकारने त्यात पडू नये. शेजारच्या घरातील दहा वर्षांच्या पोरीस आपल्या धर्माखातर मरावे लागत असेल, तर ते आपले खाजगी अनुष्ठान राहत नाही. आम्हांस या सर्व वादांतून जे एक सूत्र सापडले ते हेच. कायद्याचा किंवा रूढीचा भार ज्याच्या डोक्यावर पडतो, त्याचे म्हणणे आधी ऐकावे. त्याच्या हिताचा विचार झाल्यावर मग शास्त्र उघडावे आणि मग मते मोजावीत. आपल्याकडे बहुधा हा क्रम उलटा लागला.

याचा अर्थ धर्मास हद्दपार करावे असा कोणी करील, तर आम्ही त्यास संमती देणार नाही. विद्यासागरांनी पराशरस्मृतीचा आधार शोधला. विष्णुशास्त्री पंडितांनी विद्यासागरांचा ग्रंथ १८६५ मध्ये मराठीत आणला. भांडारकरांनी संमतिवयाच्या वादात संस्कृत ग्रंथांतूनच प्रमाणे काढली. ही मंडळी धर्माशी शत्रुत्व करणारी नव्हती. जोतीराव फुल्यांची तळमळही सत्यधर्मासाठीच होती. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले, ते काय निधर्मीपणाने? त्यापूर्वी महिनोन् महिने ते गावोगाव हिंडून लोकांची मने वळवीत होते. धर्माने माणसास जागे केले तर त्यासारखे बळ नाही. आक्षेप आहे तो धर्माने फौजदाराचा दंडुका हाती घेण्यास. सभेत येऊन धर्माने आपले म्हणणे मांडावे, पटवावे, वाद करावा. परंतु शास्त्रात आहे म्हणून शिक्षा, हे उत्तर नागरिकास देता येत नाही. कारण ते शास्त्र न मानणाराही त्याच कायद्याखाली राहतो.

लोकमताची गोष्टही अशीच आहे. लोकांच्या मनात न रुजलेला कायदा कागदावर राहतो, हे आम्हांस मान्य आहे. हरविलास सारडा यांचा बालविवाह-प्रतिबंधक कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला; या मधल्या महिन्यांत देशभर लग्नांची जी घाई उडाली ती प्रसिद्ध आहे. पाळण्यातल्या पोरींसही बोहोल्यावर चढविण्यात आले. कर किती असावा, कालवा कोठून न्यावा, शाळा कोणत्या गावी काढावी, या गोष्टी बहुमतानेच ठरल्या पाहिजेत, नाहीतर लोकशाही म्हणजे काय? परंतु एखाद्यास माणसाप्रमाणे जगण्याचा हक्क आहे की नाही, हा मतास टाकण्याचा विषयच नव्हे. लोकमताची खरी गरज त्या हक्काची अंमलबजावणी सुकर होण्यासाठी असते.

हिंदू कोडाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. डॉक्टर आंबेडकरांनी ते विधेयक पुढे आणले, तेव्हा परक्या सरकारचा आक्षेप उरला नव्हता. मग नवा आक्षेप निघाला. ही संसद प्रौढ मतदानाने निवडलेली नाही, तिला एवढा मोठा बदल करण्याचा अधिकार नाही, असे राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांसह अनेकांचे म्हणणे होते. विधेयक रखडले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. प्रभुदत्त ब्रह्मचारी हे हिंदू कोडाचा विरोध हाच मुद्दा घेऊन खुद्द नेहरूंच्या विरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. १९५५-५६ मध्ये कोडाचे चार भाग करून ते मंजूर झाले, तेव्हा बहुमत मिळाले होते. मग पुन्हा जुनाच आक्षेप, धर्म बुडाला. एका निवडणुकीवरून सारा देश कोडाच्या बाजूस होता असे आम्ही म्हणत नाही. एवढेच दिसते की बहुमत विरुद्ध गेले की धर्म पुढे करावयाचा, आणि धर्माचा अर्थ प्रतिकूल निघाला की बहुमत, असा हा खेळ चालतो. आज मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा आहे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये आणि सर्व देशाने २००५ मध्ये दिला. याच सभागृहातील कित्येकांनी तो कायदा वापरलाही आहे. धर्म बुडाल्याची तक्रार आमच्या कानी आली नाही.

हा विचार केवळ हिंदूंनाच लागू आहे असे नव्हे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत मुसलमान स्त्रियांचा एक मोर्चा निघाला. मागणी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची होती. मोर्चात स्त्रिया किती होत्या? सात. त्या दिवशी डोकी मोजणाऱ्यास हसू आले असेल. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका बैठकीत दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. मध्ये एकावन्न वर्षे गेली.

संख्येची भाषा न्यायालयाच्या मुखातूनही निघाली होती. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम समलिंगी संबंधांस गुन्हा ठरवीत असे. तेही विलायती नीतिकल्पनांचेच अपत्य. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवताना, असे लोक अत्यंत अल्पसंख्य आहेत, हेही एक कारण दाखविले. २०१८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय एकमताने फिरविला आणि सांगितले की, न्यायालयाने समाजाच्या प्रचलित नीतीकडे पाहू नये, संविधानाच्या नीतीकडे पाहावे. संविधाननीती हा शब्द आपल्याकडे रूढ केला आंबेडकरांनी. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी बजाविले होते की, ही नीती माणसात उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते. हा विषय कौटुंबिक मेळाव्यात काढावयास नको होता असे कोणास वाटले असल्यास आमचा नाइलाज आहे; ती मुलेही कोणाच्या तरी कुटुंबातलीच असतात.

आता आपल्या घरी येऊ. सरकारच्या आधी माणसास जे सरकार भेटते ते ज्ञातीचे. तुरुंगाची भीती थोड्यांना, पंक्तीची भीती सर्वांना. इंग्रजांनी १८२७ च्या मुंबई नियमावलीत असे ठरविले की, ज्ञातीच्या प्रश्नांत न्यायालयांनी सामान्यतः पडू नये. १८५० च्या कायद्याने, जात गेल्यामुळे वारसा जाऊ नये, एवढे संरक्षण दिले. बाकी सर्व ज्ञातीच्या हाती राहिले. १८६९ मध्ये मुंबईत पुनर्विवाह झाला तेव्हा त्यास हातभार लावणाऱ्यांवर बहिष्कार पडला. १८७० साली पुण्यास शंकराचार्यांपुढे मोठा वाद झाला आणि निर्णय पुनर्विवाहाच्या विरुद्ध गेला. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहाबिस्किटे पुढे आली, म्हणून रानडे-टिळकांसारख्यांचेही ग्रामण्य झाले. एका पेल्यासाठी दोन वर्षे वाद आणि अखेर प्रायश्चित्ते. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याची झळ त्यांच्या वृद्ध आईस लागली. त्याच कर्व्यांस १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले, आणि ज्ञातीज्ञातींनी त्यांचे सत्कार केले. त्यांच्या आईस त्याचा काय उपयोग?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले, आणि जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द केला. धार्मिक कारणास्तव समाजाबाहेर काढणे हा पंथाचा अंतर्गत कारभार होय, असे बहुमताचे म्हणणे. ते एक मत सरन्यायाधीश सिन्हा यांचे होते. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, हा त्यांचा विचार आम्हांस अधिक पटतो. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे सोपविला. दरम्यान जातपंचायतींच्या अत्याचारांविरुद्ध झालेल्या चळवळीनंतर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो २०१७ पासून अमलात आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. जातपंचायत या शब्दात, नोंदणी झालेली असो वा नसो, समाजाची कोणतीही समिती येते. आपले अकरावे कलम त्या कायद्याच्या कक्षेत येते किंवा नाही, हे वकिलांनी पाहावे. आपण एखाद्याचे पाणी तोडीत नाही, न्हावी-परीट बंद करीत नाही, हे खरे. आपण फक्त एक नाव कापतो.

त्या कापण्याची रीत मात्र पाहावी. अकराव्या कलमाने कन्येचे सभासदत्व जाते. सभासदत्व जाताच मताचा अधिकार जातो. आणि मग सभेत हात मोजून आपण सांगतो की बहुसंख्यांस कलम मान्य आहे. ज्यांस ते अमान्य असण्याचा सर्वांत अधिक संभव, त्यांस दाराबाहेर उभे करून मिळविलेले हे बहुमत आहे. विधवेच्या सहीवाचून विधवेचा निर्णय, मुलीच्या संमतीवाचून संमतिवयाचा वाद, त्याच मालिकेतील हे आणखी एक. पुत्राने ज्ञातीबाहेरची सून आणली तर तिचे हळदीकुंकवास स्वागत होते, तिची मुले याच व्यासपीठावर पारितोषिके घेतात, आणि तसे ते व्हावे हेच योग्य. मग विवाह ज्ञातीत व्हावा हा धर्म कोणता, जो मुलापुढे वाकतो आणि मुलीपुढे ताठ उभा राहतो? निधीच्या देणगीदारांची नावे दिवाणखान्यातील फलकावर आहेत. त्यांत ज्या स्त्रियांची नावे आहेत, त्यांपैकी काहींच्या नातवंडांस त्या निधीचा अर्ज करता येत नाही.

कलमाच्या बाजूच्या ज्येष्ठांची एक चिंता खोटी नाही. ज्ञातीचा जिव्हाळा विरळ होत चालला आहे. मुले परगावी, परदेशी जातात. नियमांचे बंधनही सैल केले तर उरेल काय, असे ते विचारतात. ही चिंता आम्हांसही आहे. पण नाव कापल्याने कोणी परत आल्याचे उदाहरण आपल्या दप्तरात नाही. संमेलनास येणारी घरे कोणत्या ओढीने येतात? भाकरीची, भाषेची, आजीच्या गोष्टींची ओढ मुलीच्या मुलांस कमी असते, असे म्हणावयास आधार काय?

आमची सूचना लहान आहे. पुढील सर्वसाधारण सभा वैशाखात भरावयाची आहे. अकराव्या कलमावर मते घेण्यापूर्वी, त्या कलमाने ज्यांचे सभासदत्व संपले त्या सर्व भगिनींस सभेस बोलवावे, त्यांस बोलू द्यावे, आणि मतदान हात वर करून न घेता चिठ्ठीने घ्यावे. त्यांस मताचा अधिकार द्यावा की नाही याविषयी कार्यकारी मंडळात दोन मते आहेत. ऐकून घेण्याविषयी दोन मते असण्याचे कारण नाही. पत्ते मिळणार नाहीत, ही अडचण कोणी सांगेल. चिटणीसांकडील जुन्या सभासद-पुस्तकात लाल शाईने काट मारलेली नावे अद्याप स्पष्ट वाचता येतात, आणि त्यांपैकी बहुतेकींची माहेरे याच सभागृहात बसली आहेत. सूचनापत्रे टपालाने धाडावीत आणि ती चैत्र संपण्यापूर्वी निघावीत, एवढे अध्यक्षमहाराजांनी मनावर घ्यावे.